दुमड तीन इंच

रविवार, २ जून. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.

बटणाला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकवून उभे केले होते आणि तिच्या डोक्यावर दुकानातला लाकडी गुण्या आडवा धरून पेन्सिलीने रेघ मारत होतो. दादा उठायच्या आत उरकायचे होते. रविवारी त्याची झोप मोडली तर तो दिवस कोणाचाच राहत नाही.

उंची: सव्वा बेचाळीस इंच. गेल्या वर्षी याच तारखेला बेचाळीस.

तीनदा मोजले. तिसऱ्या वेळी ती कुजबुजली, काका, मी सरळच उभी आहे. खरेच सरळ उभी होती. टाचा चौकटीला, हनुवटी खाली, श्वाससुद्धा धरून.

बटण म्हणजे माझ्या भावाची मुलगी. मार्चमध्ये तिला सात पूर्ण झाली. हे नाव मास्तरांनी ठेवले. ती चार वर्षांची असताना दुकानात आली आणि बटणांच्या डब्यात दोन्ही हात घालून तासभर मुकाट्याने बसली होती. मास्तर म्हणजे आमच्या दुकानाचे मालक. आम्ही फक्त शाळेचे गणवेश शिवतो. मी आठवीतून शाळा सोडली, पण माझे अक्षर चांगले आणि शुद्धलेखन चुकत नाही, म्हणून सहा वर्षांपासून मापवही माझ्याकडे आहे. अडले तर गल्ल्याखाली शब्दकोश असतो.

त्या वहीत चौदाशेच्या वर मुले आहेत, म्हणून मला थोडेफार कळते. सहा ते दहा या वयात मूल वर्षाला दोन-अडीच इंच वाढते. मुली दहा-अकराला उसळतात, मुलगे तेरा-चौदाला. आधी पाऊल, मग पाय, मग धड. त्यामुळे बूट आधी लागतात, मग पँट आखूड होते आणि शर्ट सर्वांत शेवटी. हे सगळे धरून आम्ही प्रत्येक कपड्याच्या खालच्या काठाला तीन इंचांची दुमड ठेवतो. मूल वाढले की आई दुमड उसवते आणि कपडा खाली सोडते. मास्तर म्हणतात, मी कापड कापतो आणि पोरे त्यातून निघून जातात, धंदा म्हणजे एवढाच.

बटणाचा फ्रॉक मी दोन वर्षांपूर्वी शिवला. त्याची दुमड अजून जशीच्या तशी आहे.

मंगळवार, ४ जून.

कापडी टेप वापरून वापरून सैल होतो आणि माप कमी दाखवतो. ही आशा धरून आज दुकानातल्या लोखंडी गजपट्टीला टेप लावून पाहिला. टेप केसभरही चुकत नव्हता. वाईट वाटले. टेप चुकीचा निघाल्यावर खूश होणारा मी पहिलाच शिंपी असतो.

रविवार, ९ जून.

दादाला बटणाच्या दप्तरात पावाचे चार वाळलेले तुकडे सापडले. एकावर बुरशी होती. ती खाणे लपवते. उशीखाली, बुटात, एकदा माझ्या कोटाच्या खिशातही ठेवले होते. मुलांना अशा सवयी लागतात. दादाला मात्र वाटले, घरात पोरीला उपाशी ठेवतो असे शाळेत दाखवायचा हा डाव आहे आणि त्यामागे वहिनी आहेत.

त्याने पट्टा काढला. नऊ. वहिनी मध्ये पडल्या तेव्हा त्यांना दोन. बटण ओरडत नाही. तिने पहिल्या फटक्यालाच तोंडात बाही कोंबली होती. दुपारी मी तिच्या पाठीला मलम लावले. पट्टा सव्वा इंच रुंद आहे आणि वळही सव्वा इंचाचेच होते, बक्कल लागले तिथे पावणेदोन. मी हे का मोजले ते मला माहीत नाही. हाताला सवय आहे.

हे सगळे चालू असताना मी दारात उभा होतो. माझ्या हातात पाण्याचा पेला होता. तो मी शेवटपर्यंत खाली ठेवला नाही.

दादा मनाने वाईट नाही. गॅरेजमध्ये दिवसभर गाड्यांखाली पडून राहायचे आणि वर मालकाच्या शिव्या खायच्या. संध्याकाळी त्याने सगळ्यांसाठी आईस्क्रीम आणले आणि बटणाला मांडीवर बसवून भरवले. तिने सगळे खाल्ले. चमचा पुढे आला की तोंड उघडायचे, असे खाल्ले.

रविवार, १६ जून.

चौकटीवर माझ्या पेन्सिलीच्या रेघांच्या अलीकडे जुन्या खुणा आहेत. चाकूने पाडलेल्या. त्या माझ्या उंचीच्या आहेत आणि दादाने पाडलेल्या आहेत. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आई लवकर गेली, त्यामुळे माझे माप घेणारा तोच.

आज त्या टेपने मोजल्या. दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या वर्षाच्या खुणा जवळजवळ एकमेकींवर आहेत. तेव्हा बाबा घरी असायचे. बाबांचा हात दादापेक्षा जड होता. ते जळणाचे लाकूड वापरत. दादा मला पाठीशी घालायचा आणि माझ्या वाट्याचा मार स्वतः खायचा. त्याची डावी बरगडी अजून वाकडी आहे. मी बारा वर्षांचा असताना त्याने एक दिवस जॅकचा दांडा उचलून बाबांच्या डोक्यात घातला. बाबा कपाळाला टॉवेल धरून जिना उतरले ते परत आले नाहीत.

त्यानंतरची खूण एकदम चार इंच वर आहे. एका वर्षात चार इंच होत नाहीत. त्या दिवसांत दादाची घाई असायची, आधीच्या खुणा चुकल्या असाव्यात.

गुरुवार, २७ जून.

बटणाला मुलांच्या दवाखान्यात नेले. दादाला सांगितले, दुकानाच्या कामाला जातोय. तिथल्या नर्सबाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला आणि बोलणे तोडून टाकल्यासारखे. त्यांनी एक कार्ड काढले. त्यावर खालून वर जाणाऱ्या वाकड्या रेघा छापलेल्या होत्या. मी मापवहीतून उतरवून नेलेले आकडे पाहून त्यांनी विचारले, हे कोणी लिहिलं. मी म्हणालो, मी. त्या म्हणाल्या, इतकं नीट तर इथले डॉक्टरही लिहीत नाहीत. मला बरे वाटले.

मग त्यांनी प्रत्येक आकड्याचा ठिपका दिला आणि ठिपके जोडले. समजावून सांगितले ते असे: लहान चणीचे मूल असणे हा आजार नाही. कोणी सगळ्यांत खालच्या रेघेवरून चालते, कोणी वरच्या, पण चालत राहते आणि आपली रेघ सहसा सोडत नाही. या मुलीची रेघ पाचव्या वर्षापर्यंत नीट चालली होती आणि मग आडवी झाली.

खरेच, कार्डावर ती झोपल्यासारखी दिसत होती.

रक्त घेतले. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला. सुई टोचताना बटणाने आवाज केला नाही तेव्हा नर्सबाई सुईकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

गुरुवार, ११ जुलै.

रक्तात काही दोष नाही. मनगटाची हाडे मात्र पाच वर्षांच्या मुलाची आहेत. मी घाबरलो. नर्सबाई म्हणाल्या, घाबरायचं काही नाही, उलट चांगलं आहे, हाडं संपलेली नाहीत, थांबून राहिलीत. मी विचारले, कशासाठी. त्यांनी बटणाला बाहेर खेळण्यांपाशी पाठवले आणि दार लोटले. मुले झोपेत वाढतात, गाढ झोपेत, ही झोपते का, असे विचारले. मी सांगितले की ती बूट घालून झोपते आणि दिवा मालवू देत नाही, पण झोपते.

मग त्यांनी विचारले, "घरात कोणी मारतं का?"

मी म्हणालो, "नाही. घरात सगळे समजूतदार आहेत."

हे मी इतक्या पटकन म्हणालो की मलाच आश्चर्य वाटले. त्यांनी एका चिठ्ठीवर आपला नंबर लिहून दिला. ती चिठ्ठी या वहीच्या मागच्या कव्हरात ठेवली आहे.

परत येताना मी बटणाला म्हणालो, दूध पीत जा, अंडे खात जा, मोठी हो. ती म्हणाली, "मोठी झाले तर पलंगाखाली कशी मावणार?" लहान मुलांचे काहीतरीच असते. घरी येऊन पाहिले, पलंगाखाली अकरा इंच जागा आहे.

रविवार, ४ ऑगस्ट.

दादाला दवाखान्याचे कार्ड सापडले. मी ते मापवहीत ठेवायला हवे होते, पण घरी ठेवले, बटणाच्या पुस्तकात.

त्याने विचारले, माझ्या पोरीला लोकांपुढे उघडी करून कोण मोजतं. मी म्हणालो, मी नेले होते. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. वहिनी बटणाला आतल्या खोलीत ढकलून दार लावत होत्या. त्यांचा उजवा हात चौकटीवर होता. दादाने दार आपल्याकडे ओढून उघडले आणि पूर्ण ताकदीने मिटले. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी मी आवाज ऐकला. जाड कापडात मोठी कात्री एकदम मिटते तेव्हा येतो तसा.

हॉस्पिटलात वहिनींनी सांगितले की जिन्यावरून पडले. लिहून घेणाऱ्याने विचारले, किती पायऱ्या. वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, सात. आमच्या जिन्याला चौदा आहेत, मी निम्म्या सांगितल्या. इतके नेमके खोटे मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

मंगळवार, ६ ऑगस्ट.

दहा वाजता दादा गॅरेजला गेला. सव्वादहाला वहिनी निघाल्या. प्लास्टरमधला हात गळ्यात, दुसऱ्या हाताला बटण, बटणाच्या पाठीवर दप्तर. आणखी काही नाही. त्या कुठे जाणार ते फक्त मला सांगितले. आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सगळं लिहून ठेवता. एवढं एक लिहू नका."

म्हणून लिहीत नाही.

रविवार, १५ सप्टेंबर.

दादाने आज पुन्हा विचारले. मी माहीत नाही म्हणालो. मला खोटे बोलता येत नाही, म्हणजे कान लाल होतात. त्याने माझे केस धरले आणि डोके चौकटीवर आपटले. तिथेच, जिथे माझ्या खुणा आहेत. चौथ्या वेळी पुढचा दात तुटला. तो म्हणत होता, तुला मी वाढवलं, तुला मी वाढवलं. ते खरेच आहे.

सांगितले नाही.

नंतर तो जमिनीवर बसून रडला. गरम पाणी करून आणले, माझे तोंड धुतले, दात शोधून कागदात बांधून दिला. म्हणाला, बसवून देतात म्हणे हल्ली. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी मी त्याच्या हातातल्या उकळत्या पातेल्याकडे बघत होतो. हे दोन्ही एकदम कसे होते ते लिहिता येत नाही.

मास्तरांना सांगितले, जिन्यावरून पडलो. ते म्हणाले, तुमचा जिना भलताच तापट दिसतो. मग संध्याकाळी माझ्यासाठी पातळ सूप घेऊन आले.

रविवार, ३ नोव्हेंबर.

आज गेलो. बसने दोन तास. वहिनींच्या मोठ्या बहिणीचे कपडे धुण्या-इस्त्रीचे दुकान आहे, मागे दोन खोल्या. सगळीकडे वाफ आणि साबणाचा वास, आणि यंत्रे इतकी घरघरतात की शेजारच्यालाही ओरडून सांगावे लागते.

बटण धावत आली. मी तिला कधी धावताना पाहिले नव्हते.

चव्वेचाळीस इंच. मी टेप गुंडाळून पुन्हा मोजले. चव्वेचाळीस. जूनपासून पावणेदोन इंच. बुटाचा एक नंबर वाढला आहे. गाल आले आहेत. मावशी म्हणाल्या की पहिले दोन आठवडे ती इस्त्रीच्या मोठ्या टेबलाखाली, खालच्या फळीवर, चादरींच्या पडद्याआड झोपायची. आता पलंगावर झोपते, बूट काढून, आणि सकाळी हाका मारून उठवावे लागते. उशीखाली पाव सापडत नाही.

मी याचा खूप विचार केला. पाणी बदलले हे एक. मावशींकडे दूध दाट येते हे दुसरे. आणि वाफेने हाडे मोकळी होत असावीत. नर्सबाईंना विचारले पाहिजे.

वहिनींना मी हे सांगितले तेव्हा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "हो भाऊजी. वाफच असेल."

जुना फ्रॉक तिला काखेत काचतो. मी म्हणालो, नवा शिवून पाठवतो.

गुरुवार, २१ नोव्हेंबर.

फ्रॉक झाला. निळा. छातीला दीड इंच सैल, खाली दुमड तीन इंच. आजवर शिवलेल्यांत हा सर्वांत नीट. मास्तरांनी उलटा करून आतली शिवण पाहिली आणि म्हणाले, हा आतूनही घालता येईल.

त्यांचा एक नियम आहे: मापवहीत नाव, माप आणि पत्ता नोंदल्याशिवाय दुकानातून चिंधीही बाहेर जात नाही. माप लिहिले. पत्त्याच्या रकान्यापाशी थांबलो. वहिनींना शब्द दिला होता तो या वहीबद्दल, असा विचार केला. मापवही दुकानाची, ती गल्ल्यामागे असते. शिवाय रकाना रिकामा ठेवला तर पुढचे पान सुरू करताना सारखे तिकडेच लक्ष जाते. लिहिला. पार्सल दुपारी टाकले.

शनिवार, ७ डिसेंबर. सकाळी नऊ.

चौकीतून आत्ता सोडले. तळहाताला पट्टी आहे म्हणून अक्षर खराब आहे. क्रमाने लिहितो.

गुरुवारी अकरा वाजता मी धागा आणायला गेलो. परत आलो तेव्हा दादा गल्ल्यामागच्या स्टुलावर बसला होता आणि मांडीवर मापवही उघडी होती. त्याने मास्तरांना सांगितले होते की पँट शिवायची आहे. मास्तरांनी त्याची मापे घेतली आणि ती मी वहीत लिहीन म्हणून त्याला थांबवून ठेवले. मास्तरांना काय माहीत. मी त्यांना जिनाच सांगितला होता.

दादाने पान माझ्याकडे फिरवले आणि म्हणाला, "अक्षर छान आहे तुझं. मीच गिरवून घेतलं होतं."

तो गेला. अकरा वीस.

मी लाँड्रीत नऊ वेळा फोन केला. यंत्रांच्या आवाजात कोणाला ऐकू गेला नाही. मास्तरांना सगळे सांगितले, पाच मिनिटांत, सहा महिन्यांचे. त्यांनी गल्ला माझ्यापुढे उलटा केला आणि म्हणाले, टॅक्सी कर. टॅक्सीतून मी नर्सबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, त्या गावच्या पोलिसांना आत्ता कळवते, तू आत जाऊ नकोस.

दीड वाजता पोचलो. पोलीस अजून आले नव्हते. रस्त्यावरची काच फुटलेली होती. मावशी दारात बसल्या होत्या, डोक्यातून रक्त येत होते आणि त्या फुटलेल्या काचेचे तुकडे पदरात गोळा करत होत्या. आत वहिनी जमिनीवर होत्या. त्यांचा बरा झालेला हात दादाच्या बुटाखाली होता. तो टेबलाकडे वाकून बघत होता.

बटण टेबलाखालच्या फळीवर गेली होती. ऑगस्टमध्ये ती तिथे पूर्ण मावायची. आता पडद्याबाहेर दोन्ही बूट राहिले होते. नवे, एक नंबर मोठे. त्याने बूट धरले आणि तिला बाहेर ओढले. तिच्या अंगात माझा फ्रॉक होता. त्याने तिला दंडाला धरून उचलले, तशीच हवेत, आणि फ्रॉक गळ्यापासून धरला आणि फाडला. माझी शिवण उसवली नाही, कापड फाटले. तिने बाही तोंडात कोंबली.

टेबलावर इस्त्री होती. जुन्या पद्धतीची, भरीव, सहा-सात किलोची. गरम होती की नाही हे मला धरताना कळले नाही, नंतर माझ्या तळहातावरून कळले.

पहिली त्याच्या हातावर मारली, मनगटाच्या वर, म्हणून बटण सुटली. दुसरी खांद्यावर, तो वळला म्हणून. तो गुडघ्यांवर आला. तेव्हा तिसरी मारली, डाव्या कानावर. पहिलीची गरज होती. दुसरीची असेल. तिसरीच्या वेळी तो उठत नव्हता. जबाबात हे असेच सांगितले. हवालदार म्हणाला, तिसरी सांगायची गरज नव्हती. मी म्हणालो, तीन होत्या.

चौथीसाठी हात वर नेला होता. वहिनींनी एका हाताने माझा शर्ट मागे ओढला.

मग मी बटणाला हाक मारली. ती पुन्हा फळीकडे सरकली होती, कोपऱ्यात, गुडघे पोटाशी. मी म्हणालो, ये, झालं. ती आली नाही. ती माझ्याकडे तसेच बघत होती जसे ती नेहमी दादाकडे बघते, आधी तोंडाकडे, मग हाताकडे. इस्त्री अजून माझ्याच हातात होती.

खाली ठेवली. तरी आली नाही.

सोमवार, १६ डिसेंबर.

नर्सबाईंकडे जाऊन आलो. जुलैमधले खोटे त्यांना सांगितले. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की विचारून गप्प बसायला नको होतं, माझंही चुकलं. मग वाफेबद्दल विचारले. त्यांनी चष्मा काढला आणि सावकाश सांगितले. मूल सतत भीतीत असले की शरीर वाढीचे काम थांबवते. खाल्लेले अंगी लागत नाही, झोप गाढ लागत नाही. भीती गेली की थांबलेले काम पुन्हा सुरू होते आणि मागचेही भरून काढते. औषध लागत नाही.

मी म्हणालो, मग मी सहा महिने काय मोजत होतो. त्या म्हणाल्या, तेच.

रविवार, २२ डिसेंबर.

दादाला हॉस्पिटलात भेटलो. दारात पोलीस बसलेला होता, कारण वहिनींनी आपली तक्रार दिली आहे, हाताच्या फोटोंसह. हॉस्पिटलातला ऑगस्टचा कागद खोटा होता असे मीही लिहून दिले. पायऱ्या चौदा आहेत हेसुद्धा लिहिले.

माझ्याविरुद्ध दादाने तक्रार दिलेली नाही. त्याने जबाबात सांगितले की पाय घसरला आणि इस्त्रीवर पडलो. लिहून घेणाऱ्याने विचारले, तीन वेळा? दादा म्हणाला, तीन वेळा.

त्याच्या उजव्या हाताची बोटे आता पूर्ण मिटणार नाहीत. डाव्या कानाने ऐकू येत नाही. मी चुकीच्या बाजूला बसलो होतो, माझे अर्धे बोलणे वाया गेले. उठून उजवीकडे बसलो.

तो छताकडे बघत म्हणाला, "किती भरली ती?"

मी म्हणालो, "चव्वेचाळीस."

"आणि बेचाळीस होती?"

"सव्वा बेचाळीस."

त्याने डोळे मिटले. म्हणाला, "बाबा गेले त्या वर्षीची तुझी खूण मी दोनदा मोजली होती. मला वाटलं, माझंच चुकलं. चुकलं नव्हतं."

निघताना त्याने डाव्या हाताने माझ्या शर्टाचे वरचे बटण लावले. लहानपणी शाळेला जाताना लावायचा तसे. त्याचा हात गळ्याजवळ आला तेव्हा मी मागे सरकलो. ते त्याने पाहिले.

रविवार, ५ जानेवारी. सकाळी सात.

चौकटीपुढे उभा राहून माझे स्वतःचे माप घेतले. पाच फूट सव्वातीन इंच. दादा पाच फूट दहा. तो बाबांबरोबर माझ्याहून आठ वर्षे जास्त राहिला तरी वाढला, मी त्याच्या आड राहून नाही. हे नर्सबाईंनाही सांगता येईल असे वाटत नाही.

वहिनींचे पत्र आले. बटण पुन्हा बूट घालून झोपते. तीन आठवडे फळीवर झोपली, परवापासून पलंगावर. तिला विचारले, काका आला तर चालेल का. ती म्हणाली, "अजून नको." वहिनींनी त्या दोन शब्दांखाली रेघ मारली आहे, का ते कळत नाही. मी ‘अजून’ या शब्दाकडे बराच वेळ पाहिले.

मी टेप पोस्टाने पाठवला आहे. कसे मोजायचे तेही लिहिले: टाचा भिंतीला, हनुवटी खाली, आणि तिला श्वास घ्यायला सांगा, धरू देऊ नका. पत्ता पाकिटावर लिहिला, आणखी कुठेही नाही. मास्तरांना म्हणालो, रकाना रिकामा राहील. ते म्हणाले, राहू दे, एवढी हवा लागू दे वहीला.

खर्च: टॅक्सी, ६४०. दादाची औषधे, १,१२५. पोस्ट, १८.

देणे: मास्तरांचे, टॅक्सी धरून, ९००. पगारातून महिन्याला ७५. मावशींच्या काचेचे ३१०. इस्त्री त्यांनी भंगारात दिली, नवी घेऊन द्यायची, किंमत विचारायची आहे. दात नंतर.

बटणाचा एक फ्रॉक. निळा. माप येईल तेव्हा. दुमड तीन इंच.